आंतरराष्ट्रीय शिक्षण धोरण बैठकीला जाणाऱ्या शिष्टमंडळातील नवख्या सदस्यासाठी

शिष्टमंडळात आपले नाव आल्याचे पत्र हाती पडले की बहुतेक नवख्या अधिकाऱ्यांची पहिली धावपळ व्हिसा, तिकीट आणि निवास यांसाठी सुरू होते. ती व्यवस्था पाहणारी माणसे कार्यालयात असतात आणि ती त्यांच्यावर सोडून देणे शहाणपणाचे असते. आपल्याला नेले जाते ते निराळ्याच कामासाठी. काही पानांच्या एका मसुद्यात आपल्या देशाला हवे असलेले वाक्य टिकवणे, अडचणीचे ठरेल असे वाक्य वेळीच हेरून बदलून घेणे आणि परतल्यावर त्या मसुद्याचा आपल्या शिक्षणव्यवस्थेत उपयोग करून घेणे हे ते काम होय. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने मांडले आहे. ज्यांनी अशा बैठका पूर्वी केल्या आहेत, त्यांना यातील बरेचसे ठाऊक असेल. हे लेखन पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी : बैठकीचा प्रकार ओळखणे

शिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय बैठका बाहेरून पाहिल्या तर सारख्याच वाटतात. देशांच्या नावांच्या पाट्या, कानाला लावायची श्रवणयंत्रे आणि एकामागून एक होणारी भाषणे सगळीकडे असतात. मात्र त्यांतून बाहेर पडणाऱ्या कागदाचे वजन फार वेगवेगळे असते, आणि तयारी किती व कशाची करायची हे त्या वजनावरून ठरते.

युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दर दोन वर्षांनी भरते व तिथे प्रत्येक सदस्य देशाला एक मत असते. परिषदेच्या दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात ५८ सदस्यांचे कार्यकारी मंडळ काम पाहते. त्याचे सदस्य चार वर्षांसाठी निवडून येतात आणि ते साधारणपणे वर्षातून दोनदा भरते. परिषदेपुढे येणाऱ्या बहुतेक विषयांचा खल आधी या मंडळात झालेला असतो. म्हणून परिषदेत प्रथमच जाऊन मोठा बदल सुचवू पाहणाऱ्या देशाला ‘हे आधी का सांगितले नाही’ असे सौम्य शब्दांत ऐकून घ्यावे लागते.

परिषदेतून निघणाऱ्या दस्तऐवजांपैकी करार आणि शिफारस हे दोन प्रकार नीट वेगळे समजून घ्यावेत. करार स्वीकारण्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागते, शिफारशीसाठी साधे बहुमत पुरते. करार त्याचे अनुसमर्थन करणाऱ्या, म्हणजे त्याला रीतसर अंतिम मान्यता देणाऱ्या, देशावर कायद्याने बंधनकारक असतो, शिफारस तशी नसते. तथापि दोन्हींच्या बाबतीत युनेस्कोच्या घटनेने एक कर्तव्य लावून दिले आहे, ते म्हणजे अधिवेशन संपल्यापासून एक वर्षाच्या आत तो दस्तऐवज देशातील सक्षम अधिकाऱ्यांपुढे मांडणे. ‘शिफारसच तर आहे’ असे म्हणून फाइल मिटवणाऱ्यांच्या नजरेतून हे कर्तव्य हमखास सुटते. करारांच्या बाबतीतही प्रत्येकाचे नियम निराळे असतात. शिक्षणातील भेदभावाविरुद्धच्या १९६० च्या करारात कोणतेही कलम राखून ठेवण्याची, म्हणजे ते आपल्याला लागू नाही असे नोंदवण्याची, मुभाच नाही; अनुसमर्थन करायचे तर संपूर्ण कराराचे करावे लागते. उच्च शिक्षणातील पात्रतांना मान्यता देण्याविषयीचा जागतिक करार नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारला गेला, पण विसाव्या देशाची मान्यता येऊन तो अमलात यायला मार्च २०२३ उजाडले. म्हणजे सभागृहात टाळ्या वाजल्या त्या दिवशी फारसे काही बदललेले नसते.

दुसरा प्रकार राजकीय जाहीरनाम्यांचा. १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन, २००० मध्ये सेनेगलची राजधानी डकार आणि २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथील परिषदांतून निघालेले जाहीरनामे कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नव्हते. तरीही मदत देणाऱ्या संस्थांचे निकष, राष्ट्रीय आराखड्यांची रचना आणि आकडेवारी गोळा करण्याच्या पद्धती या जाहीरनाम्यांमुळे बदलल्या. अशा मसुद्याला ‘नुसते शब्द’ समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

तिसरा प्रकार तांत्रिक समित्यांचा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची शिक्षण धोरण समिती किंवा पिसा चाचणीचे नियामक मंडळ यांच्या बैठकांना छायाचित्रकार फारसे येत नाहीत. पण पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी कोणत्या विषयांत घ्यायची, प्रश्नावलीत काय विचारायचे आणि ती किती वर्षांनी घ्यायची हे तिथे ठरते. २००० पासून दर तीन वर्षांनी होणारी ही चाचणी महासाथीमुळे २०२१ ऐवजी २०२२ मध्ये झाली आणि २०२५ नंतर ती चार वर्षांच्या अंतराने घेण्याचे ठरले आहे. परीक्षा विभागाच्या वेळापत्रकावर याचा थेट परिणाम होतो. माझ्या मते शाळेच्या वर्गापर्यंत सर्वांत लवकर पोहोचणारे निर्णय या कोरड्या बैठकांत होतात, आणि नेमके त्यांनाच सर्वांत कनिष्ठ माणूस तयारीविना पाठवला जातो.

काही मंच यांपैकी कशातच बसत नाहीत. २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या अध्यापन व्यवसायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिखर बैठकीत शिक्षणमंत्री आणि शिक्षक संघटनांचे नेते एकाच शिष्टमंडळात शेजारी बसतात. अशा बैठकीची तयारी मंत्रालयाच्या चार भिंतींत पूर्ण होऊ शकत नाही, हे निमंत्रण वाचतानाच लक्षात यायला हवे.

दुसरी पायरी : शिष्टमंडळाची रचना आणि अधिकारपत्रे

युनेस्कोच्या घटनेनुसार सर्वसाधारण परिषदेसाठी एका देशाला जास्तीत जास्त पाच प्रतिनिधी नेमता येतात. त्यांची निवड युनेस्कोच्या कामासाठी देशात नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाशी, आणि तो नसेल तर शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संस्थांशी विचारविनिमय करून करावयाची असते. पर्यायी प्रतिनिधी, सल्लागार व तज्ज्ञ यांची भर पडल्याने प्रत्यक्ष शिष्टमंडळ मोठे दिसते. संख्येपेक्षा कामाची वाटणी महत्त्वाची असते. मंत्री किंवा सचिव नेतृत्व करतात, संस्थेच्या मुख्यालयी असलेल्या आपल्या देशाच्या स्थायी प्रतिनिधी मंडळातील राजनैतिक अधिकारी नियम आणि इतर देशांची माणसे ओळखून असतात, आणि शिक्षण मंत्रालयातील विषयतज्ज्ञाला आपल्या देशात प्रत्यक्ष काय शक्य आहे याची माहिती असते. खर्चाचा प्रश्न असेल तर अर्थ मंत्रालयाचा माणूस सोबत असावा, आणि ते जमत नसेल तर दूरध्वनीवर तरी उपलब्ध असावा. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी चर्चा चालतात, त्यामुळे एकट्या तज्ज्ञाच्या भरवशावर गेलेल्या शिष्टमंडळाची खुर्ची कुठेतरी रिकामी राहतेच, आणि रिकाम्या खुर्चीच्या वतीने कोणी हरकत घेत नाही.

अधिकारपत्र म्हणजे आपण देशाच्या वतीने बोलू व मत देऊ शकतो याचा लेखी पुरावा. सर्वसाधारण परिषदेसारख्या बैठकांत त्यावर राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांची सही अपेक्षित असते. ही पत्रे तपासण्यासाठी स्वतंत्र समिती असते. नावाच्या स्पेलिंगमधील फरक, शेवटच्या क्षणी बदललेला सदस्य किंवा सहीऐवजी आलेली नुसती छायाप्रत अशा कारणांनी पहिल्याच दिवशी धावाधाव होते. परराष्ट्र मंत्रालयातील सही मिळायला किती दिवस लागतात हे आधीच विचारून ठेवावे.

याच वेळी आणखी एक गोष्ट तपासावी. वार्षिक वर्गणीची थकबाकी चालू आणि लगतच्या मागील वर्षाच्या मिळून देय रकमेपेक्षा जास्त असेल, तर युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत त्या देशाला मताधिकार राहत नाही. अपरिहार्य कारणांमुळे पैसे भरता आले नाहीत अशी परिषदेची खात्री पटली तर सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. उत्तम भूमिका तयार करून गेलेल्या शिष्टमंडळाला मतच नाही हे सभागृहात कळणे फार अवघड प्रसंग असतो.

तिसरी पायरी : कागद वाचणे

बैठकीची कागदपत्रे शेकडो पानांची असतात, आणि ती सगळी वाचण्याचा प्रयत्न करणारा पहिल्या आठवड्यातच थकतो. कोणता कागद निर्णयाचा आहे हे आधी ओळखावे. युनेस्कोच्या कागदावरील खुणाच बरेच काही सांगतात. आधीचा अंक अधिवेशनाचा किंवा सत्राचा क्रमांक असतो, त्यापुढील ‘सी’ म्हणजे सर्वसाधारण परिषद आणि ‘ईएक्स’ म्हणजे कार्यकारी मंडळ. ‘सी/४’ हा मध्यम मुदतीच्या व्यूहरचनेचा आणि ‘सी/५’ हा कार्यक्रम व अर्थसंकल्पाचा दस्तऐवज असतो. ‘डीआर’ अशी खूण असलेला कागद ठरावाचा मसुदा असतो, तर ‘आयएनएफ’ खुणेचा कागद केवळ माहितीसाठी असतो. ‘रेव्ह’ म्हणजे सुधारित आवृत्ती, ‘कॉर’ म्हणजे शुद्धिपत्र आणि ‘अ‍ॅड’ म्हणजे पुरवणी. आपण ज्यावर रात्रभर खुणा केल्या तो कागद सकाळी जुना झालेला असू शकतो, म्हणून सभागृहात शिरण्यापूर्वी आवृत्ती पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निर्णयाचा प्रस्ताव बहुधा कागदाच्या शेवटी असतो. तिथून सुरुवात करून मग मागील विवेचनाकडे जावे. त्यानंतर याच विषयावरील मागील दोन-तीन ठराव काढून त्यांचे शब्द नव्या मसुद्याशेजारी ठेवून पाहावेत. जे शब्द तसेच आहेत त्यांवर तडजोड आधीच झालेली असते आणि तिथे हात घातला तर जुने वाद उकरले जातात. बदललेल्या किंवा गळलेल्या शब्दांकडे लक्ष द्यायचे असते. दुरुस्त्या पाठवण्याची मुदतही याच टप्प्यावर दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, कारण ती अनेकदा अधिवेशन सुरू होण्यापूर्वीच संपते.

चौथी पायरी : भूमिकापत्र

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ कशाला द्यावा, असे विचारले तर माझे उत्तर भूमिकापत्र असे आहे. कार्यक्रमपत्रिकेतील ज्या विषयांशी आपल्या देशाचा खरा संबंध आहे, त्या प्रत्येकासाठी एक, फार तर दीड पानाचे टिपण तयार करावे. त्यात आपल्याला काय हवे आहे, ते कोणत्या शब्दांत हवे आहे, त्याहून कमी कितपत चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘आपला देश दर्जेदार व समावेशक शिक्षणास कटिबद्ध आहे’ अशा वाक्यांना भूमिकापत्रात जागा नाही. ते खरे असते, पण रात्री अकरा वाजता समोरचा देश ‘मोफत’ हा शब्द वगळण्याचा प्रस्ताव ठेवतो, तेव्हा त्या वाक्यावरून काय करावे हे कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. इंचॉन जाहीरनाम्यात सार्वजनिक निधीतून चालणारे बारा वर्षांचे मोफत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण, आणि त्यापैकी किमान नऊ वर्षे सक्तीची, असे वचन आहे. भूमिकापत्र लिहिणाऱ्याने या एका वाक्याचे तुकडे करून पाहावेत. आपल्या कायद्यात मोफत शिक्षण किती वर्षांचे आहे? सक्तीचे किती वर्षांचे? ‘मोफत’मध्ये पुस्तके, गणवेश, प्रवास येतात की केवळ शिकवणी शुल्क? खासगी शाळेत सरकारी अनुदानावर शिकणारे मूल ‘सार्वजनिक निधीतून’ शिकते असे आपण धरतो का? यांची उत्तरे विधी विभागाकडून, अर्थ विभागाकडून आणि जिथे शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे तिथे प्रांतांकडून घ्यावी लागतात. संघराज्यांच्या शिष्टमंडळांना ही अडचण अधिक जाणवते, कारण केंद्राने दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी प्रांतांवर येते. म्हणून विचारविनिमयाला किमान सहा आठवडे हाताशी ठेवावेत.

शिक्षक संघटना, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था यांच्याशी याच काळात बोलावे. त्यांची काही मते सरकारी भूमिकेशी जुळणार नाहीत, आणि तसे असेल तर ते आधी कळलेले बरे. या संस्थांचे आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच बैठकीत निरीक्षक म्हणून बसलेले असतात, हे विसरू नये.

तयार भूमिकापत्राला लेखी मंजुरी घ्यावी. तोंडी ‘ठीक आहे, बघा तुम्ही’ ही मंजुरी नव्हे.

पाचवी पायरी : आकडे

आपल्या देशाविषयीचे आकडे बैठकीत आपल्याआधीच पोहोचलेले असतात. माँट्रियल येथील युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेने प्रसिद्ध केलेले आकडे आणि आपल्या मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातील आकडे जुळतीलच असे नाही. याचे कारण बहुधा लबाडी किंवा हलगर्जी नसते. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी शिक्षणाचे टप्पे एका समान वर्गीकरणात बसवावे लागतात. आपण ज्या इयत्तेला उच्च प्राथमिक म्हणतो ती तिथे माध्यमिकच्या पहिल्या टप्प्यात मोजली जाऊ शकते. शिवाय मुलांची संख्या शाळांच्या नोंदींतून येते, तर त्या वयाच्या लोकसंख्येचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाकडून घेतला जातो. अंश एका ठिकाणचा आणि छेद दुसऱ्या ठिकाणचा असला की टक्केवारी हलतेच.

हे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकते, ते जगाच्या आकड्यातही दिसते. शाळाबाह्य मुले व तरुण यांचा २०२४ मध्ये दिलेला जागतिक अंदाज २५ कोटी १० लाख होता, आणि २०२५ मध्ये तो २७ कोटी २० लाखांवर गेला. त्या वाढीचा मोठा भाग लोकसंख्येचे अंदाज नव्याने आल्यामुळे होता. वर्षभरात तेवढी मुले शाळेतून उठून गेली, असा त्याचा अर्थ नव्हता. ज्या प्रतिनिधीला हे ठाऊक नसते तो सभागृहात विनाकारण माफी मागतो किंवा विनाकारण भांडतो.

म्हणून निघण्यापूर्वी सांख्यिकी विभागातील माणसासोबत एक दुपार घालवावी. चर्चेत येऊ शकणाऱ्या आठ-दहा निर्देशकांसाठी आपला आकडा, आंतरराष्ट्रीय आकडा आणि फरकाचे एका वाक्यातील कारण असा तक्ता सोबत ठेवावा. ढोबळ पटनोंदणीचे प्रमाण शंभर टक्क्यांहून जास्त कसे असू शकते, हा प्रश्न पत्रकार हमखास विचारतात. ठरावीक वयापेक्षा लहान किंवा मोठी मुलेही त्या टप्प्यात शिकत असतात आणि ती अंशात मोजली जातात, हे उत्तर पाठ असावे. आंतरराष्ट्रीय आकडा खरोखरच चुकीचा असेल तर त्याची दुरुस्ती सभागृहातील भाषणातून होत नाही. ती सांख्यिकी संस्थेशी पत्रव्यवहार करून, बैठकीच्या कितीतरी आधी करून घ्यावी लागते.

सहावी पायरी : सभागृहात

नेत्याच्या मुख्य भाषणाकडे गरजेपेक्षा जास्त लक्ष दिले जाते. वेळ मोजका असतो आणि अध्यक्ष तो पाळायला लावतात, म्हणून मजकूर मोठ्याने वाचून घड्याळ लावून तपासावा. युनेस्कोच्या परिषदेत सहा कार्यभाषांतून भाषांतर चालते. दुभाषे जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलतात. भाषणाची प्रत त्यांना आधी द्यावी व आकडे सावकाश वाचावेत. घाईघाईने वाचलेले भाषण इतर भाषांत अर्धेच पोहोचते. भाषणाबद्दल एवढे पुरे.

खरे काम मसुदा समितीत आणि तिच्याही बाहेर, लहान खोल्यांतील अनौपचारिक चर्चांत होते. ज्या शब्दांवर एकमत झालेले नाही ते चौकटी कंसात ठेवलेले असतात आणि चर्चा म्हणजे एकेक कंस काढत जाणे. नवख्याने पहिल्या दिवशी फारसे न बोलता कोणता कंस कोणत्या देशाने घातला आहे याची नोंद करावी. सभागृहात त्यावर भाषण करण्यापेक्षा कंस घालणाऱ्याला मधल्या सुटीत गाठून त्याची नेमकी अडचण काय आहे, हे विचारणे अधिक उपयोगी पडते. बऱ्याचदा ती अडचण त्या देशाच्या एखाद्या कायद्यातील व्याख्येशी संबंधित असते आणि एका शब्दाच्या बदलाने सुटते.

क्रियापदांकडे बारकाईने पाहावे. ठरावात ‘डिसाइड्स’ म्हणजे ठरवते आणि ‘रिक्वेस्ट्स’ म्हणजे विनंती करते. हा दुसरा शब्द संस्थेच्या प्रमुखाला उद्देशून येतो तेव्हा तो प्रत्यक्षात आदेशाच्या जवळ जातो. सदस्य देशांना उद्देशून ‘इन्व्हाइट्स’, ‘एन्करेजेस’, ‘कॉल्स अपॉन’ आणि ‘अर्जेस’ अशी चढती भाजणी असते. करारात ‘शॅल’ म्हटले की बंधन येते, शिफारशीत ‘शुड’ वापरतात. एखाद्या अहवालाचे ‘स्वागत करणे’ आणि त्याची ‘नोंद घेणे’ यांतही अंतर आहे. नोंद घेणे म्हणजे संमती नव्हे आणि असंमतीही नव्हे, असे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००१ मध्ये स्पष्ट करून ठेवले आहे. एखादा अहवाल आपल्याला गैरसोयीचा असेल पण भांडायचे नसेल, तर ‘नोंद घेते’ हा शब्द सुचवून पाहावा.

जोडशब्दही तितकेच महत्त्वाचे. इंचॉन जाहीरनाम्यात शिक्षणावरील खर्चासाठी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के ‘आणि/किंवा’ एकूण सार्वजनिक खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के असा निकष दिला आहे. त्या ‘आणि/किंवा’मध्ये केवढी सवलत दडली आहे, ते अर्थ मंत्रालयातील कोणीही लगेच सांगेल. दोन्हींपैकी एक निकष गाठणारा देशही आपण वचन पाळले असे म्हणू शकतो. ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’, ‘योग्य त्या ठिकाणी’, ‘उपलब्ध साधनसामग्रीच्या मर्यादेत’ हे शब्द असेच आहेत. ते कधी आपल्याला वाचवतात, तर कधी आपण मोठ्या कष्टाने मिळवलेली तरतूद पोकळ करून टाकतात. अशी जोड मसुद्यात दिसली की ती नेमक्या कोणत्या क्रियापदाला लागू होते, हे व्याकरणाच्या शिक्षकासारखे तपासावे. स्वल्पविराम कुठे आहे यावर अर्थ बदलतो, आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसत नाही.

एकट्या देशाची दुरुस्ती टिकणे कठीण असते. युनेस्कोत निवडणुकीसाठी केलेले प्रादेशिक गट विचारविनिमयासाठीही वापरले जातात आणि सकाळच्या गटबैठकीत ठरलेले सूत्र दिवसभर चालते. आपली दुरुस्ती आधी गटात मांडावी आणि दुसऱ्या एखाद्या गटातील निदान दोन देश सोबत घ्यावेत. दुरुस्ती लेखी आणि संपूर्ण वाक्याच्या स्वरूपात द्यावी. ‘इथे शिक्षकांचा उल्लेख व्हावा’ असे म्हणून खाली बसणाऱ्याचा मुद्दा सचिवालयाच्या मर्जीवर जातो.

चर्चा संपत आली की अध्यक्ष कधी कधी मूक संमतीची पद्धत वापरतात. मसुदा सर्वांना पाठवला जातो आणि ठरावीक वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो मान्य झाला असे समजतात. ती वेळ आपल्या राजधानीत मध्यरात्रीची असू शकते. सूचना कोणाकडून आणि किती वाजेपर्यंत मिळणार, हे त्या दिवशी आधीच ठरवून ठेवावे. सूचना आली नसेल आणि शब्द मान्य करण्याचा आग्रह होत असेल, तर ‘राजधानीच्या संमतीच्या अधीन’ असे नमूद करून पुढे जाता येते. या सवलतीचा वारंवार वापर केला तर मात्र समोरच्यांचा आपल्याशी बोलण्यातला रस कमी होतो.

मतदानाची वेळ शिक्षणविषयक बैठकांत क्वचित येते, कारण सहमतीचा आग्रह असतो. तरी काही नियम माहीत असावेत. ‘उपस्थित व मत देणारे’ यांत बाजूने व विरुद्ध मत देणारेच मोजले जातात. तटस्थ राहणारा देश त्या मोजणीत धरला जात नाही. दुरुस्त्या मूळ प्रस्तावाच्या आधी मतास टाकल्या जातात, आणि त्या अनेक असतील तर मूळ आशयापासून सर्वांत दूर असलेली आधी. हरकतीचा मुद्दा केवळ कार्यपद्धतीविषयी असतो. त्याच्या आडून विषयावर भाषण केले तर अध्यक्ष थांबवतात. ठराव सहमतीने होऊ द्यायचा, पण त्यातील एखाद्या परिच्छेदाबद्दल आपली वेगळी समजूत नोंदवायची, असे असेल तर भूमिकेचे स्पष्टीकरण देऊन ते इतिवृत्तात येईल असे पाहावे. चार वर्षांनी कोणी तो परिच्छेद आपल्यापुढे ठेवला तर तेवढाच आधार उरतो.

रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी, एका पानाचा अहवाल राजधानीला पाठवावा. त्यात कोण काय बोलले याची जंत्री नको. आज मसुद्यात काय बदलले, उद्या काय येणार आहे आणि आपल्याला कोणता निर्णय हवा आहे, या तीन गोष्टी पुरतात.

सातवी पायरी : परतल्यावर

परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आठवणी ताज्या असतात, आणि नेमका तोच आठवडा साचलेल्या कामात जातो. म्हणून अंतिम अहवालाचा आराखडा परतीच्या प्रवासातच लिहावा. स्वीकारलेल्या ठरावातील प्रत्येक सक्रिय परिच्छेदासमोर, म्हणजे ज्यात काही ठरवले किंवा करायला सांगितले आहे त्या परिच्छेदासमोर, आपल्याकडील कोणत्या विभागाने काय करायचे, केव्हापर्यंत आणि त्यासाठी पैसा कुठून, हे लिहावे. करार किंवा शिफारस असेल तर सक्षम अधिकाऱ्यांपुढे मांडण्याची एक वर्षाची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे पहिल्याच पानावर असावे. भूमिकापत्रात मागितलेले शब्द आणि प्रत्यक्ष मिळालेले शब्द शेजारी शेजारी मांडावेत. त्यातून पुढच्या वेळी कशासाठी लढायचे ते ठरते, आणि कधी कधी आपण मागितलेलेच चुकीचे होते हेही कळते.

महत्त्वाच्या दस्तऐवजाचे देशभाषेत भाषांतर करून घेण्याचे काम सहसा मागे पडते, आणि झाले तर ते विषय न जाणणाऱ्या माणसाकडे जाते. ‘शुड’चे भाषांतर ‘करणे बंधनकारक राहील’ असे झालेले किंवा ‘समता’ आणि ‘समानता’ एकच धरलेली आढळते. मसुदा समितीत बसलेल्या सदस्याने ते भाषांतर स्वतः तपासावे, कारण त्या शब्दावर किती तास वाद झाला होता हे त्यालाच ठाऊक असते. जिल्हा पातळीवरील अधिकारी आणि मुख्याध्यापक मूळ मसुदा वाचणार नाहीत. त्यांच्या हाती हे भाषांतरच जाणार आहे.

शेवटी राहते ती फाइल. मंजूर भूमिकापत्र, मसुद्याच्या सर्व आवृत्त्या, कंस कोणी घातले व कोणत्या तडजोडीने निघाले याची टिपणे, रोजचे अहवाल आणि इतर शिष्टमंडळांतील ज्या समकक्ष अधिकाऱ्यांशी बोलणे झाले त्यांची पदे, हे सर्व एका ठिकाणी ठेवावे. पुढील अधिवेशन दोन वर्षांनी येईल, आणि तोवर आपली बदली झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. फाइल नव्या माणसाच्या हाती देताना त्याच्यासोबत तासभर बसावे आणि ‘आणि/किंवा’सारखी जागा कोणत्या पानावर आहे, हे बोट ठेवून दाखवावे.